खोलीच्या मापाची पेटी

पेटीची फळी कापून झाली की आमचे सुतारकाका तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून बघतात. अठरा मिलिमीटरचं मरीन प्लाय, आतून आडवी पट्टी मारलेली. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला तर ठीक, ‘ढुब्’ आला तर आणखी एक पट्टी. काकांची हयात कपाटं आणि पलंग करण्यात गेली. पण स्पीकरच्या पेटीनं स्वतः वाजायचं नसतं, हे त्यांना मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. “गायचं ते वूफरनं, साहेब, लाकडानं नाही,” म्हणाले.

पेट्या पक्क्या झाल्या. आठ इंची वूफर, मागे पीव्हीसी पाइपाचा तुकडा बसवून केलेलं भोक. संगणकावरच्या आलेखात बासची रेघ 40 हर्ट्झपर्यंत सपाट. घरी आणून तंबोरा लावला तेव्हा मन भरून आलं. जुनं सिनेमाचं गाणं लावलं आणि बास गिटारचा एक सूर खोलीभर घुमला, त्याच्या पुढचा मात्र कुठे गेला ते कळेना.

पेटीत चूक नव्हती. मी ती मोकळ्या मैदानासाठी केली होती आणि ठेवली होती पुण्यातल्या बारा बाय दहाच्या खोलीत. घरी स्पीकर करणाऱ्या प्रत्येकाची गाठ कधी ना कधी या खोलीशी पडतेच.

ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. बारा फूट म्हणजे 3.66 मीटर. 47 हर्ट्झची लहर निम्मी धरली तर ती या दोन भिंतींच्या मध्ये नेमकी मावते, येरझारा घालताना आपल्याच पावलावर पाऊल टाकते आणि फुगत जाते. दहा फुटांच्या रुंदीत तेच 56 ला होतं. छत साडेनऊ फुटांवर, तिथे 59 ला. 56 आणि 59 एकमेकांच्या इतके शेजारी की दोन फुगवट्यांचा एकच डोंगर होतो. बास गिटारची ए ही मोकळी तार वाजते 55 ला! खालची ई 41 ला, म्हणजे डोंगर उतरून पलीकडे. तंबोऱ्यानं मला फसवलं होतं तेही यामुळेच. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खरज 69 च्या आसपास असतो, आणि त्याचं ऐश्वर्य तर जवारीतून उठणाऱ्या वरच्या स्वरांत असतं. खोलीचा दोष दाखवायला तो कामाचा नाही.

आपल्या घरांची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. या विषयावरची बहुतेक पुस्तकं अमेरिकेतली, जिथे घराच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. अशी भिंत बासबरोबर थोडी हलते आणि थोडा बास गिळते. आपली विटांची, सिमेंटची भिंत हलत नाही. खाली फरशी, वर स्लॅब. त्यामुळे पुस्तकाबरहुकूम केलेली पेटी आपल्याकडे हमखास जड वाजते. सतरंजी घालून काही होत नाही, भिंतीला इंचभर फोम चिकटवूनही नाही. 56 हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्साच दीड मीटरचा असतो, तिला इंचभर फोम जाणवतसुद्धा नाही.

ज्यांनी हे शास्त्र उभं केलं त्यांना खोलीचा विसर पडला नव्हता. एडगर विल्चूर यांनी 1954 मध्ये बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं आणि छोट्या पेटीतून खोल बास काढून दाखवला. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये भोकाच्या पेटीचं गणित मांडलं, पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्णत्वाला नेलं. आज वूफरच्या कागदावर छापलेले आकडे याच दोघांच्या नावानं ओळखले जातात. मला मात्र सगळ्यांत जवळचे वाटतात ते रॉय ॲलिसन. प्रयोगशाळेत न थांबता त्यांनी राहत्या घरांमधून मोजमापं घेतली, आणि जवळच्या भिंती स्पीकरचा बास कुठे वाढवतात, कुठे खातात, हे 1974 मध्ये दाखवून दिलं.

मग मी दुसरी जोडी बंद पेटीची केली. माझ्या वूफरची स्वतःची कंपनसंख्या 35 हर्ट्झ, क्यू (ते कंपन किती आवरलं जातं त्याचं माप) 0.38 आणि त्याच्या स्प्रिंगइतकी लवचीक हवा 60 लिटर. वीस लिटरच्या पेटीत बसवला तर कंपन 70 वर चढतं आणि क्यू 0.76 होतो, म्हणजे बास नेमका डोंगराच्या पायथ्याशी टेकू देणार. पंचेचाळीस लिटरमध्ये कंपन 53 वर राहतं, क्यू 0.58. मैदानात ही पेटी अशक्त वाटेल, कारण तिचा बास लवकर उतरायला लागतो आणि पुढे दर सप्तकाला 12 डेसिबलनं घसरतो. पण 47 च्या खाली खोलीत लहर मावत नाही. तिथे वूफर सगळ्या खोलीतली हवा एकदम दाबतो आणि सोडतो, आणि तो दाब खाली जाताना वाढत जातो. भिंती घट्ट आणि दारं बंद असतील तर जवळजवळ त्याच 12 च्या चढानं. दाराखालची फट आणि खिडक्या त्यातलं काही खातात, तरी पेटी जिथे उतरते तिथे खोली चढते. भोकाची पेटी 24 नं कोसळते, तिचं हे गणित जमत नाही. जुन्या पेट्या मोडायच्या नसतील तर भोकात गुंडाळलेला मोजा कोंबून बघावा, बराच फरक पडतो.

मोजायची रीत सोपी आहे. मापाचा मायक्रोफोन वूफरच्या कोनापासून अर्ध्या इंचावर धरायचा. इतक्या जवळ फक्त पेटी ऐकू येते, खोली जवळपास नाहीच. मग तोच मायक्रोफोन बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर. दोन रेघांमधला फरक म्हणजे आपली खोली. हे करताना एक गंमत हाती लागली. 59 ची लहर जमीन आणि छताशी सर्वांत जोरात असते, मध्यावर जवळपास नसते. खुर्चीत बसलेल्याचा कान त्या मध्याच्या जवळ येतो, बैठक मारून बसलेल्याचा खाली राहतो. एकाच खोलीत, एकाच गाण्यात, आजोबांना आरामखुर्चीत आणि मला सतरंजीवर वेगळा बास ऐकू येत होता.

मायक्रोफोन नसेल त्यानं पेटी उचलून बसायच्या जागी ठेवावी, बासचं गाणं लावावं आणि आपण भिंतीकडेनं वाकून फिरावं. जिथे सगळे सूर सारखे लागतील तिथे पेटी न्यावी. माझ्याकडे एक पेटी कोपऱ्यात आणि दुसरी दारापाशी होती. दोन्ही आखूड भिंतीशी, मध्यापासून सारख्या अंतरावर घेतल्या आणि 56 चा फुगवटा मावळला, कारण डावी पेटी जी लहर उठवते तीच उजवी खोडते. दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला होता, तो चार फूट पुढे आला.

त्या जागांवर फरशीवर पेन्सिलच्या खुणा आहेत. फरशी पुसायला येणाऱ्या मावशी पेट्या बाजूला करतात, पुसतात, आणि जाताना वाकून पुन्हा त्याच खुणांवर ठेवतात. पेन्सिल पुसट झाली की मला हाक मारतात.