आधी पैसे की आधी घड्याळ?

समजा, साल आहे १९१० आणि तुम्ही राहता गडहिंग्लजला. मासिकात मुंबईच्या एका दुकानाची जाहिरात दिसते: खिशातलं घड्याळ! पण मुंबईला जायचं कसं? गडहिंग्लजला रेल्वे आजही नाही, तेव्हाही नव्हती. आधी कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठा, मग पुढचं. त्यापेक्षा पत्र टाकलेलं बरं.

पण थांबा. पैसे आधी पाठवले आणि घड्याळ आलंच नाही तर? तिकडे दुकानदारही हाच विचार करत बसलाय: घड्याळ आधी पाठवलं आणि या पोरानं पैसे बुडवले तर? दोघंही अगदी सज्जन, तरी घड्याळ मुंबईतच!

हा गुंता पोस्टाने सोडवला. १८७७ साली भारतात ‘व्ही.पी.’ सुरू झाली. दुकानदार पार्सल पोस्टात द्यायचा, किती पैसे वसूल करायचे तेही लिहून द्यायचा. पोस्टमन ते घेऊन दारात हजर. पैसे मोजले की पार्सल तुमचं, आणि ते पैसे मनिऑर्डरने दुकानदाराला. याला म्हणायचे ‘व्ही.पी. सोडवणे’. आजच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची ही पणजीच! मात्र आधी पैसे, मग खोका उघडायचा. आणि कुणी व्ही.पी. सोडवलीच नाही तर? पार्सल आल्या वाटेने परत, खर्च दुकानदाराच्या बोकांडी. म्हणून हुशार दुकानदार थोडी रक्कम आगाऊ मागायचे.

घरबसल्या खरेदीचं हे वेड जगभर होतं. वेल्समधला प्राइस-जोन्स १८६१पासून टपालाने फ्लॅनेलचं कापड विकत होता. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डचा १८७२चा पहिला कॅटलॉग म्हणजे फक्त एक कागद. आणि सीअर्स कंपनी? तिने १९०८पासून चक्क घरं विकली! फळ्या, खिळे, दारं, खिडक्या सगळं रेल्वेने यायचं. घर तुमचं तुम्ही जोडा.

आता पार्सल नेमक्या गावी पोहोचायला हवं ना? एकाच नावाची गावं किती तरी! त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. त्यामागचं डोकं मराठी माणसाचं: श्रीराम भिकाजी वेलणकर. नोकरी टपालखात्यात आणि कविता संस्कृतात, आहे की नाही अजब जोडी?

गडहिंग्लजचा पिन ४१६५०२. पहिला ४ सांगतो, पार्सल पश्चिम भारतात न्या. ४१६ त्याला कोल्हापूरच्या बाजूला आणतो, आणि ५०२ म्हणजे गडहिंग्लजचं पोस्ट. शेजारचं संकेश्वर किती जवळ, पण तिथला पिन सुरू होतो ५ने. असं का बरं? नकाशा उघडा आणि शोधा!