शिक्रा, ससाणा आणि डहाणू-तलासरीचा परिसर

उन्हाळ्यात डहाणू-तलासरी भागातील आंब्याच्या व चिकूच्या वाड्यांत शिक्र्याची वीण सुरू असते आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरट्याबाहेर पडू पाहणारी पिल्ले कधीकधी जमिनीवर येतात. असे पिल्लू मुलांच्या हाती लागले, की बहुधा त्याच्या पायाला सुतळी बांधली जाते, त्याला भाताची शिते किंवा दूध-पाव चारला जातो आणि थोड्याच दिवसांत ते दगावते. यात क्रौर्य क्वचितच असते. असते ते अज्ञान.

वस्तुतः या पक्ष्यांविषयीचे ज्ञान आपल्याकडे फार जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेल्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये ‘श्येनविनोद’ स्वतंत्रपणे वर्णिला आहे. बाज, जुर्रा, बाशा, बहिरी, शाहीन, तुरमती ही पक्ष्यांच्या पुस्तकांत भेटणारी नावे शिकारखान्यांतूनच रूढ झाली. बाज ही मादी आणि जुर्रा हा तिचाच नर. नर-मादीस निराळी नावे देण्याचे कारण असे, की बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी नराहून ठळकपणे मोठी असते आणि मोठे सावज तिलाच पेलते.

अरबस्तानातील ससाण्यांच्या चित्रफिती आता मोबाइलवर सहज पाहावयास मिळतात. या कलेला युनेस्कोने २०१० मध्ये मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यामुळे आपणही एखादा पक्षी पाळावा, असे तरुणांना वाटणे स्वाभाविक आहे. भारतात मात्र तसे करता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील व्याख्येनुसार पक्ष्याला पकडणे, त्याच्यासाठी सापळा लावणे, त्याच्या अंड्यांची वा घरट्याची छेडछाड करणे ही शिकारच होय. दया म्हणून पिंजऱ्यात ठेवलेला शिक्राही या नियमातून सुटत नाही.

पक्षी हातावर बसविता येत नसला, तरी तो ओळखता येतो. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला. पश्चिमेस समुद्रकिनारा, मध्ये वाड्या व भातखाचरे आणि पूर्वेस जंगलाचे डोंगर अशी येथील रचना असल्याने थोड्या अंतरात निरनिराळे शिकारी पक्षी दिसतात. मासळी सुकते तेथे तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार घिरट्या घालते. भातखाचरांवर आणि गवताच्या माळांवर एकाच जागी पंख फडफडवीत स्थिर राहणारी, लाल डोळ्यांची पांढुरकी कापशी घार असते. जंगलाच्या बाजूला तुऱ्याच्या सर्पगरुडाची उंचावरची शीळ ऐकू येते. बहिरी ससाणा हा किनारी प्रदेशातील हिवाळी पाहुणा होय.

शिक्रा आणि ससाणा यांना लोक सरसकट एक समजतात. परंतु त्यांची घडण वेगळी आहे. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर आणि शेपूट लांब असते. झाडांच्या गर्दीतून वळणे घेत सावजावर अचानक झडप घालण्यास ही रचना सोयीची. तो सावज पंजाच्या पकडीत दाबून मारतो. ससाण्याचे पंख लांब व टोकदार असतात, तो उघड्या आकाशात शिकार करतो आणि सावजाच्या मानेचा चावा घेतो. त्यासाठी त्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा उंचवटा असतो. बहिरी ससाण्याचा सूर ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाचा असतो. आनुवंशिक अभ्यासातून तर असे दिसून आले आहे, की ससाणे हे शिक्रा-गरुडांपेक्षा पोपटांचे अधिक जवळचे नातलग आहेत!

पक्षी हाताळणाऱ्याच्या विद्येचे मर्म वजनात होते. पक्षी पुष्ट असला तर तो हातावर परतत नाही आणि फार रोडावला तर मरतो. म्हणून आजही जाणकार रोज पक्ष्याचे वजन करतात. हा पक्षी मायेपोटी परत येत नाही, त्याला खाद्य कोठे मिळते हे ठाऊक असते एवढेच. त्याचा आहारही अख्ख्या सावजाचा असतो. हाडांशिवाय नुसते मांस दिल्यास पिल्लाची हाडे कॅल्शियमअभावी वाकतात; भात आणि दूध हे तर त्याचे अन्नच नव्हे. न पचलेली लोकर, पिसे किंवा हाडे तो गोळीच्या रूपाने ओकून टाकतो. गव्हाणी घुबडाच्या अशा गोळ्या शाळेत कोमट पाण्यात भिजवून सोडविल्या, तर उंदरांच्या कवट्या मोजता येतात. शेतीशास्त्राचा असा धडा पुस्तकात मिळणे कठीण. गोळ्या हाताळताना हातमोजे घालावेत.

शिक्र्याच्या घरट्यात बहुधा तीन-चार अंडी असतात. मादी अंडी उबवीत असताना तिचे आणि नंतर लहान पिल्लांचे पोषण मुख्यतः नराने आणलेल्या शिकारीवर होते. कोंबडीचे पिल्लू पळविले म्हणून गलोलीने नर मारला, तर बहुधा सारे घरटेच उपाशी पडते. कोंबडीची पिल्ले मोठी होईपर्यंत डालग्याखाली ठेवणे हा त्यावरील जुना आणि स्वस्त उपाय.

विषाची गोष्ट अधिक गंभीर आहे. ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तावून हिंडतो आणि कापशी घारीच्या वा घुबडाच्या सहज हाती लागतो. विष असे पुढे सरकते. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरणे म्हणून आवश्यक आहे. गुरांच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडांचे काय झाले, हे सर्वश्रुत आहे. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर २००६ मध्ये, तर कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्यावर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे.

अमेरिकेत डीडीटीमुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन तो नामशेष होऊ लागला, तेव्हा १९७० मध्ये स्थापन झालेल्या पेरेग्रीन फंड या संस्थेने बंदिस्त पैदाशीचे काम हाती घेतले. त्यात ससाणे पाळणाऱ्यांचेच अनुभव उपयोगी पडले. १९९९ मध्ये हा पक्षी तेथील संकटग्रस्त यादीतून वगळण्यात आला.

पिल्लू खाली सापडल्यास प्रथम ते जखमी आहे काय, हे पाहावे. धडधाकट असेल तर टोपलीत ठेवून टोपली त्याच झाडाला बांधावी. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत निराधार आहे. जखमी पक्ष्यावर कापड टाकून, पंजे सांभाळून, त्याला भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने पाणी फुप्फुसात जाते. त्यानंतर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

संक्रांतीनंतर झाडांवर व तारांवर लोंबणारा मांजा काढण्याचे काम ग्रामपंचायतीने आठवडाभरात उरकल्यास बरे. विजेच्या तारांवरील मांजा मात्र वीज कर्मचाऱ्यांकडूनच काढवून घ्यावा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये बंदी घातलेली आहे. त्यात गुंतलेला पक्षी सोडविताना दोरा ओढू नये. पंखाच्या दोन्ही बाजूंना तो कात्रीने कापावा आणि मांसात रुतलेला भाग पशुवैद्यकासाठी तसाच ठेवावा.