सीडी प्लेयर थेट पॉवर अॅम्प्लिफायरला जोडताय? आधी आवाजाची सोय करा

जुन्या नाट्यगीतांच्या, अभंगांच्या सीडी ऐकण्यासाठी अनेकजण प्लेयर थेट पॉवर अॅम्प्लिफायरला जोडतात. इथेच स्पीकर जळण्याचा धोका असतो. प्लेयरमधून साधारण 2 व्होल्टपर्यंतचा सिग्नल येतो. बऱ्याच पॉवर अॅम्प्लिफायरना पूर्ण ताकदीने वाजायला 1 ते 1.5 व्होल्टही पुरतो. आवाजाचं बटण कुठेच नसेल, तर गाणं सुरू होताच फुल्ल आवाज.

उपाय सोपा आहे. मध्ये प्रीअॅम्प्लिफायर लावा. तेवढा खर्च नको असेल, तर 10 किलोओहमचा लॉग प्रकारचा स्टिरिओ व्हॉल्यूम कंट्रोल डबीत बसवून घ्या. तिथून अॅम्प्लिफायरपर्यंतची वायर आखूडच ठेवा. काही प्लेयरना आवाज कमी-जास्त करता येणारं ‘व्हेरिएबल’ आउटपुट असतं, तेही चालतं.

सुरू करताना आवाज शून्यावर ठेवा आणि अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी लावा. बंद करताना मात्र तोच आधी.