कढईतल्या तेलाचे पुढे काय?

हॉटेलच्या कढईत तेच तेल पुन्हा पुन्हा तापताना आपण पाहतो. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. उष्णता, हवेतील ऑक्सिजन आणि पदार्थातील पाणी यांमुळे हे रेणू तुटतात, एकमेकांना जोडले जातात आणि तेल काळपट, दाट होते. अशा वेळी तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले, की ते तेल तळणाला वापरायचे नाही, असा नियम भारतात १ जुलै २०१८ पासून लागू आहे.

मग ते जाते कुठे? मोरीत ओतले तर गटार तुंबते. त्याहून वाईट म्हणजे, ते स्वस्तात विकले जाऊन हातगाडीवरच्या कढईत पोहोचू शकते. एकाची काटकसर, दुसऱ्याच्या पोटात!

वास्तविक हे तेल गाळून, त्यातले पाणी काढून, मिथेनॉल व थोडा कॉस्टिक सोडा घालून सुमारे ६० अंश सेल्सिअसला ढवळले, की मेदाम्ले ग्लिसरॉलला सोडून मिथेनॉलशी जोडली जातात. हेच बायोडिझेल. शंभर किलो तेलापासून जवळजवळ तितकेच मिळते; तळाशी दहाएक किलो ग्लिसरॉल उरते. (मिथेनॉल विषारी आहे, प्रयोग वर्गात नको.)

हॉटेलांतले असे तेल बायोडिझेलकडे वळवण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ‘रुको’ उपक्रम सुरू केला. रोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते. आम्हाला रसायनापेक्षा ही वही महत्त्वाची वाटते. छोटा भजीवाला मात्र तिच्या बाहेरच राहतो.