तुकड्यांमधलं रान

मध्य अमेझॉनच्या जंगलात वटवाघळांवर पीएच.डी. करायची तर रात्र जाळ्यांपाशी काढावी लागते. केसासारख्या बारीक धाग्यांच्या जाळ्यात अडकलेला जीव अलगद सोडवायचा, कापडी पिशवीत घालून वजन करायचं, कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजायचं आणि सोडून द्यायचं. पिशवीत विष्ठा पडली तर तीही जपायची. तिच्यातल्या बिया त्याचं जेवण सांगतात.

याच जंगलात, मानाऊस शहराच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर कुरणांसाठी जंगल तुटणारच होतं. जमिनीपैकी निम्मं रान राखावं, असा तेव्हा तिथला कायदा होता. थॉमस लव्हजॉय या शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये एक प्रकल्प सुरू केला आणि जमीनमालकांना गळ घातली, की राखायचंच आहे तर मोजूनमापून चौकोनी तुकडे राखा. त्यातून १, १० आणि १०० हेक्टरचे ११ तुकडे उभे राहिले.

या तुकड्यांमध्ये सर्वांत जास्त हाल झाले ते पानांवरचे किडे टिपणाऱ्या वटवाघळांचे. त्यांची करामत पाहून थक्क व्हायला होतं. पनामातल्या प्रयोगांत दिसलं, की काही ग्रॅम वजनाचं एक वटवाघूळ मिट्ट काळोखात पानावर निश्चल, निःशब्द बसलेला चतुरही हेरतं. ते पानाकडे तिरकं येतं. गुळगुळीत पानावर आपटलेला आवाज आरशावरच्या उजेडासारखा पलीकडे निघून जातो. मध्ये किडा असेल तरच प्रतिध्वनी परत येतो! दुसऱ्या एका जातीचा नर झाडावरच्या वाळवीच्या नांदत्या घरट्यात दातांनी पोकळी कोरतो आणि तिथेच बिऱ्हाड थाटतो. अशा जिवांचे रुंद, आखूड पंख दाट झाडीत गिरक्या घ्यायला उत्तम, पण लांबचा पल्ला त्यांना झेपत नाही. मध्ये उघडं कुरण आलं की त्यांची वाट खुंटते.

फळं खाणारी कॅरोलियासारखी वटवाघळं मात्र तुकड्यांच्या कडेला उलट वाढली. खाल्लेल्या बिया साधारण अर्ध्या तासात बाहेर पडतात, त्याही उडता उडता. पक्षी बहुधा फांदीवर बसून विष्ठा टाकतात. वटवाघूळ मोकळ्या रानावरून जाताजाता पेरणी करतं. पुढे कुरणं परवडेनात, गुरं हलवली गेली, आणि त्या जमिनीवर सेक्रोपिया अन् विस्मिया ही झाडं माजली. दोन्हींची फळं वटवाघळांच्या आवडीची.

लिस्बन विद्यापीठात तेव्हा पीएच.डी. करणाऱ्या रिकार्डो रोशा यांनी सहकाऱ्यांसह २०११च्या सुमारास पुन्हा तिथेच जाळी लावली आणि १९९६पासूनच्या जुन्या नोंदींशी आकडे ताडून पाहिले. मधलं रान दाट झालं तशी घनदाट जंगलात रमणारी वटवाघळं वाढली होती, कडेवरची कमी झाली होती. मला यातलं मोठं आश्चर्य हे वाटतं, की तुकड्याचं नशीब तुकड्याबाहेर ठरत होतं, आणि तिथलं रान उगवण्यात वटवाघळांचाही हात होता. तरीही पानांवरचे किडे टिपणारी मंडळी तीस वर्षांनंतरही अखंड जंगलाइतकी परतलेली नव्हती.

आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, तमिळनाडूतल्या वालपराईत, जंगलाच्या तुकड्यांमध्ये चहा पसरला आहे. तिथल्या पाहणीतही तुकड्यांबाहेर काय आहे याला महत्त्व दिसलं: निव्वळ चहाच्या मळ्यांत वटवाघळं थोडीच सापडली. पण देशी झाडांच्या सावलीतल्या कॉफीत ती बरीच होती, आणि चहामधून वाहणाऱ्या ओढ्यांच्या काठची झाडी जिथे राखलेली होती तिथेही.