बालकाच्या मेंदूचा आलेख

मेंदूत अहोरात्र विजेचे अतिसूक्ष्म स्पंद चालू असतात. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२९ साली माणसाच्या मेंदूतील या स्पंदांचा आलेख प्रथम प्रसिद्ध केला. यात डोक्याला शॉक देत नाहीत, हे आम्ही मुद्दाम सांगतो. आयाबाया घाबरतात त्या तेथेच.

असा आलेख वाचताना पहिला प्रश्न वयाचा. जागेपणी डोळे मिटले असता डोक्याच्या मागच्या बाजूस उमटणाऱ्या लाटा चार महिन्यांच्या बाळात सेकंदाला सुमारे चार, वर्षाच्या मुलात सहा, तिसऱ्या वर्षी आठ आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास दहा असतात. बाळाला शोभणारी संथ लय दहा वर्षांच्या जाग्या मुलात आढळली, तर ती चिंतेची.

वर्गात मध्येच काही सेकंद शून्यात पाहणारी मुलगी घ्या. गुरुजी रागावतात. तिला जोरजोराने श्वास घ्यायला लावला, की आलेखात एकाएकी सेकंदाला तीन या गतीने अणकुचीदार टोक आणि लाट अशा जोड्या उमटू लागतात. हे फेफऱ्याचेच एक रूप. औषधाने बहुधा आटोक्यात येते.

याहून निकडीचे दुसरे. सहासात महिन्यांचे बाळ झोपेतून उठताच पुन्हापुन्हा वाकून दचकते, आणि घरचे पोटदुखी समजून हिंग लावतात. त्याच्या आलेखात उंच, बेबंद लाटांचा नुसता गोंधळ असतो. येथे दिवस दवडल्यास बुद्धीची वाढ खुंटते. आपल्या नगर जिल्ह्यात लोणीला १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा आकडीवर कांदा हुंगवीत बसू नये.

आलेख निर्दोष निघाला म्हणून फेफरे नाहीच, असे मात्र नव्हे. बाळाचे दचकणे फोनवर टिपून डॉक्टरांना दाखवावे.