उत्तर आले नाही, तर?

भामरागडच्या पुढचे एखादे खेडे आणि तिथले रेशन दुकान डोळ्यांसमोर आणा. महिन्याचे धान्य आलेले आहे. कार्डावर नाव आहे. दुकानदार समोरच्या म्हातारीला लहानपणापासून ओळखतो. ती यंत्रावर अंगठा ठेवते. यंत्र थोडा वेळ थांबते आणि पडद्यावर अक्षरे उमटतात: कधी अंगठा जुळत नाही, कधी नेटवर्क नाही, तर कधी नुसतेच ‘सर्व्हर डाऊन’. दुकानदार म्हणतो, “आजी, उद्या येजो.” आजी नदी-नाला ओलांडून आली तशी परत जाते.

आता एक साधा प्रश्न विचारू या. यंत्राने आजीला ‘नाही’ म्हटले का? ‘सर्व्हर डाऊन’ असताना यंत्राने काहीच म्हटलेले नसते. तरीही आजीच्या पिशवीपुरता त्याचा अर्थ ‘नाही’ असाच होतो. हा अर्थ कोणी ठरवला? तो तसाच असायला हवा का? या लेखात आपण याच प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत. त्यासाठी थोडा वेळ धान्यापेक्षा फारच वेगळ्या मालाच्या दुकानात, म्हणजे बंदुकीच्या दुकानात, जावे लागेल.

तिसरे उत्तर

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे वहीत ‘शून्य’ आणि ‘वाचन मिळाले नाही’ या दोन नोंदी कधीही एकत्र करत नाही. तापमापी फुटला म्हणून ताप नाही असे कोणी म्हणत नाही. गडचिरोली-चंद्रपूरच्या शिक्षकांना सिकलसेलच्या तपासणीचा अनुभव असेल. ‘रिपोर्ट आला नाही’ आणि ‘रिपोर्टमध्ये दोष नाही’ यांत किती अंतर आहे हे त्यांना वेगळे सांगायला नको.

खातरजमा करणाऱ्या कोणत्याही यंत्रणेला म्हणूनच तीन उत्तरे असतात: होय, नाही आणि माहीत नाही. पहिल्या दोहोंवर काय करायचे ते नियमात लिहिलेले असते. तिसऱ्याचे काय करायचे हे अनेकदा लिहिलेलेच नसते, किंवा लिहिलेले असून कोणाला ठाऊक नसते. मग दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या नशिबावर ते सोपवले जाते.

रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. जुन्या सिग्नलची तार तुटली की वजनाच्या भाराने हात आपोआप आडवा होतो, म्हणजे ‘थांबा’. गाडी उशिरा पोचली तरी चालेल, पण आदळू नये. उलट, विजेच्या कुलपाने बंद होणाऱ्या इमारतीतला आगीच्या वेळचा दरवाजा वीज गेली की उघडा पडला पाहिजे. दोन्ही यंत्रे बिघडतात, पण एक बंद होते आणि दुसरे खुले. कोणती बाजू सुरक्षित हे यंत्र ठरवत नाही. ते आपण आधी ठरवावे लागते.

बंदुकीच्या दुकानातला फोन

अमेरिकेत ‘ब्रॅडी कायदा’ १९९३ साली झाला. त्यानुसार ३० नोव्हेंबर १९९८ पासून एक देशव्यापी तपासणी यंत्रणा सुरू झाली. परवानाधारक विक्रेता बंदूक देण्याआधी फोनने किंवा संगणकावरून ग्राहकाची माहिती कळवतो. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली असणे यासारख्या कारणांनी हा माणूस अपात्र तर नाही ना, हे नोंदींमध्ये पाहिले जाते. उत्तरे तीनच: विक्री करा, नाकारा किंवा थांबा.

‘थांबा’ किती वेळ? कायदा म्हणतो, कामाचे तीन दिवस. तेवढ्यात नकार आला नाही, तर विक्रेता बंदूक देऊ शकतो. हे ऐकून दचकायला होते, पण त्यामागे विचार आहे. कायद्याने जो हक्क दिला आहे तो सरकारने नुसते गप्प बसून हिरावून घेऊ नये.

गंमत अशी की हे तीन दिवस विक्रेत्याचा यंत्रणेशी संपर्क झाल्यापासून मोजले जातात. यंत्रणाच बंद असेल तर घड्याळ सुरूच होत नाही. २००० सालच्या मे महिन्यात संगणकांच्या बिघाडामुळे ती काही दिवस बंद राहिली, तेव्हा देशभरातली कायदेशीर विक्रीही खोळंबली. म्हणजे एकाच यंत्रणेत ‘माहीत नाही’चे दोन अर्थ झाले. प्रश्न पोचलाच नाही तर दार बंद. प्रश्न पोचला, पण उत्तर आले नाही, तर तीन दिवसांनी दार उघडे.

दुसऱ्या अर्थाची किंमत २०१५ साली दिसली. त्या वर्षी एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलायना राज्यात एका तरुणाने पिस्तूल घेतले. त्याच्या आधीच्या अटकेची नोंद होती, पण अटक कोणत्या पोलीस कचेरीने केली हे चुकीचे नोंदले गेल्याने तपासणाऱ्या व्यक्तीला नेमका कागद सापडला नाही. तीन दिवस उलटले आणि विक्री झाली. १७ जून २०१५ रोजी त्याने चार्ल्सटन शहरातील एका चर्चमध्ये नऊ जणांना ठार मारले. ही विक्री व्हायला नको होती, अशी कबुली तपास यंत्रणेच्या प्रमुखांनी पुढच्याच महिन्यात दिली. पुढे २०२२ च्या कायद्याने २१ वर्षांखालील ग्राहकांच्या बाबतीत, गरज पडल्यास, ही मुदत कामाच्या १० दिवसांपर्यंत वाढवण्याची सोय झाली.

याच अमेरिकी कायद्यातले एक कलम मात्र जंगलातल्या माणसाने वाचावे असे आहे. दुकान अतिशय दुर्गम जागी असेल, त्या भागात दूरसंचाराची सोय नसेल आणि राज्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने पोलिसांची संख्या ठरावीक प्रमाणाहून कमी असेल, तर अशा विक्रीला या तपासणीतून सूट देता येते. म्हणजे तार पोचत नाही अशी गावे असतात, हे कायदा लिहितानाच गृहीत धरले होते.

आपल्याकडची रीत

आपल्या देशात शस्त्र अधिनियम १९५९ सालचा आहे. इथे तपासणी दुकानात होत नाही, ती परवाना देताना होते. अर्ज आला की जवळच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. मग परवाना अधिकारी, म्हणजे सामान्यतः जिल्हाधिकारी, निर्णय घेतात. दुकानदार परवाना पाहून विक्री करतो आणि तशी नोंद करतो.

याच कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगायच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. आपल्या भागात या बंदुकीला ‘भरमार’ म्हणतात. धान लोंबीवर आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांदीची नासधूस करतो, हे मूल, सिंदेवाही किंवा कुरखेड्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. (पण बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे रानडुकराला मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळी परवानगी लागते.) विनापरवाना भरमार बंदुका गावकऱ्यांनी गडचिरोली पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्याही अधूनमधून वाचायला मिळतात.

आता आपला प्रश्न इथे विचारू. पोलिसांचा अहवाल वेळेत आलाच नाही तर? कायद्यात याचे उत्तर आहे. मुदत संपल्यावर परवाना अधिकाऱ्याला योग्य वाटल्यास अहवालाची अधिक वाट न पाहता तो निर्णय देऊ शकतो. इथे दार आपोआप उघडत नाही आणि कायमचे बंदही होत नाही. नाव-गाव असलेला एक माणूस ते उघडतो किंवा बंद ठेवतो, आणि लेखी आदेश देतो.

या रीतीला तिचीही किंमत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षे चालतो. दुकानातला व्यवहार तारेवर अवलंबून नाही हे खरे, पण मधल्या काळात माणूस बदलला तर हातातल्या पुस्तिकेला ते कळत नाही. परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, पण ते कोणीतरी करावे लागते. पुढे परवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद सुरू झाली. प्रत्येक परवान्याला विशिष्ट क्रमांक हवा, नाहीतर तो अवैध, असा नियम झाला. त्याची मुदत एकाहून अधिक वेळा वाढवावी लागली. हातात खरा परवाना असून संगणकात नोंद नाही, अशी ही नवी अडचण!

साखळी आणि तिच्या कड्या

थोडे गणित करू. अंगठ्याच्या यंत्राला चार कड्या आहेत असे समजू: वीज, मनोरा, सर्व्हर आणि अंगठा. प्रत्येक कडी १०० पैकी ९५ वेळा नीट चालते असे धरू. ऐकायला हे चांगलेच वाटते. पण व्यवहार पुरा व्हायला चारही कड्या एकाच वेळी चालल्या पाहिजेत. ०.९५ ला स्वतःशी चार वेळा मांडून गुणाकार केला तर सुमारे ०.८१ येतात. म्हणजे १०० पैकी १८-१९ माणसे कोणाचीही चूक नसताना परत जातील.

“उद्या या” हा उपाय कितपत चालतो? दोन्ही दिवशीचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर दोनदा येऊनही अडणारी माणसे तीन-चारच राहतात. पण ते स्वतंत्र नसतात. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली, पुलावरून पाणी गेले की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा दिवसांत वीज जाऊ शकते, मनोराही बंद पडू शकतो. दुसऱ्या दिवशीही चित्र बदलत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अंगठा. रोवणी, तेंदूपत्ता आणि बांबूच्या कामात ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा अंगठा दरवेळी न जुळण्याचीच शक्यता जास्त. भौतिकीत आपण यादृच्छिक त्रुटी आणि पद्धतशीर त्रुटी असा भेद शिकवतो. पहिली त्रुटी पुनःपुन्हा मोजल्याने कमी होते, दुसरी होत नाही. ‘८१ टक्के यशस्वी’ हा आकडा हे लपवतो की नापास होणारी माणसे दर महिन्याला बरीचशी तीच असतात.

कोणती चूक महाग?

यंत्रणा गप्प असताना आपण चुकू शकतो ते दोन प्रकारे. अपात्राला देऊन किंवा पात्राला नाकारून. धान्याच्या बाबतीत चुकीचा ‘होय’ म्हणजे माणशी पाच किलो धान्य, ज्याचा हिशेब मागून लावता येतो. चुकीचा ‘नाही’ म्हणजे रिकामी चूल. म्हणूनच केंद्र सरकारने २०१७ साली सूचना दिल्या की आधार जुळले नाही एवढ्या कारणाने पात्र कार्डधारकाला धान्य नाकारू नये, दुसरे ओळखपत्र पाहून द्यावे आणि अपवाद म्हणून वहीत नोंद करावी. ‘द्या, लिहा आणि मग तपासा’ अशी ही रीत आहे. ती सूचना प्रत्येक दुकानापर्यंत पोचणे हीसुद्धा साखळीतली एक कडीच.

बंदुकीचे गणित उलटे आहे. तिथे चुकीचा ‘होय’ मागे घेता येत नाही. म्हणून गप्प यंत्रणेचा अर्थ ‘थांबा’ हाच ठीक. पण थांबणेही फुकट नसते. डुकरांनी खाल्लेले धान पुढच्या महिन्यात परत येत नाही. म्हणून थांबवायचे असेल तर किती काळ, कोणाच्या सहीने आणि दाद कुठे मागायची, हे तिघांचे उत्तर आधीच लिहिलेले हवे.

वर्गात करून पाहा

चार डबे घ्या. प्रत्येकात २० चिठ्ठ्या टाका. त्यांपैकी १९ वर ‘चालू’ आणि एकीवर ‘बंद’ लिहा. प्रत्येक मुलाने चारही डब्यांतून एकेक चिठ्ठी काढावी, पाहून परत टाकावी. एकही ‘बंद’ निघाली तर धान्य नाही. २५ मुलांनी चार-चार वेळा केले की १०० व्यवहार होतील. यशस्वी किती झाले ते फळ्यावर लिहा. मग दोन मुलांच्या चौथ्या डब्यात सगळ्याच चिठ्ठ्या ‘बंद’ ठेवा आणि खेळ पुन्हा खेळा. एकूण आकडा थोडाच खाली येईल, पण ती दोन मुले चारही वेळा रिकाम्या हाताने परत जातील. त्यांना कसे वाटले ते त्यांनाच विचारा.

शेवटी वर्गाला दुकानदाराची वही आखायला सांगा. बहुतेक मुले ‘दिले’ आणि ‘नाही दिले’ असे दोनच रकाने आखतील. तिसरा रकाना कोणाला सुचतो ते पाहा, आणि त्यात नाव आलेल्या आजीला काय सांगायचे याची चर्चा घंटा होईपर्यंत चालू द्या.